एमिलीची गिटार आणि आमची बैठक

कामं उरकून, रेडिओ जवळ घेऊन बसला असाल. कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी शेंगा फोडत. हात चालू ठेवा, कान इकडे द्या.

मागच्या वेळी आम्ही शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. त्याआधी कर्जाच्या हप्त्याबद्दल. आज मात्र आम्ही अमेरिकेतल्या एका गिटार वाजवणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ताई, बचत गटाचा आणि गिटारचा काय संबंध? आम्हीही आधी असंच म्हणालो होतो. पण आमच्या एका गटाच्या दोन बैठका या बाईवरून रंगल्या, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गटाच्या वहीत एक नवीन रकाना आला. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायची.

त्याचं असं झालं. आठ महिन्यांपूर्वीची बैठक. बचत जमा झाली, जुने हप्ते आले, आणि अंतर्गत कर्जाची मागणी कुणाची आहे असं विचारलं. आमच्या एका सदस्य ताईंनी हात वर केला. म्हणाल्या, सहा हजार हवेत. कशासाठी? त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, पोरीला गिटार घ्यायचीय.

सगळ्या हसल्या. खोटं कशाला बोला, आम्हीही हसलो. दवाखाना, शाळेची फी, बियाणं, खत, शेळी, शिलाई मशीन, यांसाठी कर्ज देतो आपण. गिटारसाठी आजवर कुणी मागितलं नव्हतं. गटाच्या कोषाध्यक्ष काकू स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, शेळी घेतली तर दूध देते, करडू देते. गिटार काय देणार?’’

पोरगी बारावीला. शाळेतल्या एका सरांची जुनी गिटार मागून आणून ती दोन वर्षं शिकत होती. सरांची बदली झाली, गिटार परत गेली. ती त्या दिवशी दारातच उभी होती. आत आली आणि म्हणाली, ‘‘काकू, पाच मिनिटं एक बघता का?’’ आणि तिनं मोबाईल आमच्यापुढं धरला.

पडद्यावर एक तरुण बाई. मांडीवर मोठी गिटार. समोर कुणी नाही, पण समोर विद्यार्थी बसलाय असं समजून ती शिकवत होती. वाजवायची, थांबायची, समजावायची, पुन्हा हळू वाजवून दाखवायची. इंग्रजी आम्हाला कळलं नाही. पाच मिनिटांची पंधरा मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘‘बाई शिकवते मात्र छान. घाई नाही तिला.’’

त्या बाईचं नाव एमिली रेमलर. कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि पोरीला सांगितलं, ही बाई कोण, तिनं काय केलं, तिचं पोट कशावर चाललं, ते सगळं वाचून ये आणि आम्हाला मराठीत सांग. आम्हीही आमच्या परीनं वाचलं. ते आता तुम्हाला सांगतो.

आधी जॅझ म्हणजे काय ते बघू. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात ते वाढलं. ज्यांच्या आजी-पणजोबांनी गुलामी सोसली, त्या लोकांचं हे संगीत. त्यात एक ठरलेली चाल असते. सगळे मिळून ती वाजवतात, मग एकेक जण पुढे येतो आणि त्याच चालीवर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे त्याला धरून असतात.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या. चाल एकच. एकीनं माहेरची ओवी म्हटली की दुसरी त्याच चालीवर आपल्या मनातलं घालायची. ते काही लिहून ठेवलेलं नसायचं. जातं फिरत राहायचं, आणि त्या फिरण्याला धरून शब्द यायचे. जॅझमध्ये जात्याचं काम ढोल आणि मोठं बास वाद्य करतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि हे संगीत आपल्याकडे आलेलं नाही असंही नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ वाजायला लागलं. गोव्याचे वादक ते शिकले, आणि तेच वादक पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवू लागले. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ला संगीत दिलं, तेव्हा त्यांच्या हाताशी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. भगवानदादांच्या नाचावर आपल्या आजोबांनी शिट्ट्या मारल्या, त्या सुरांत जॅझ होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं.

आता एमिलीकडे येऊ. तिचा जन्म १८ सप्टेंबर १९५७ चा, न्यूयॉर्कमधला. वाढली शेजारच्या न्यू जर्सी राज्यात. दहा वर्षांची असताना तिनं भावाची गिटार हातात घेतली. बघा, इथेही वाद्य भावाचंच होतं. सुरुवातीला ती त्या काळातलं रॉक संगीत वाजवायची. पुढे बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गेली आणि अठराव्या वर्षी शिकून बाहेर पडली. जॅझची खरी ओढ तिला तिथे लागली.

त्या काळात जॅझमध्ये बायका होत्या, पण बहुतेक गाणाऱ्या, काही पियानो वाजवणाऱ्या. गिटार म्हणजे पुरुषांचं काम असा समज. आपल्याकडे बाईनं पखवाज घेतला की लोक वळून बघतात ना, तसंच. एमिलीनं यावर भांडण कमी केलं आणि सराव जास्त केला. कॉलेज संपल्यावर एक उन्हाळा तिनं समुद्रकाठी भाड्यानं खोली घेतली आणि रोज फक्त वाजवलं. मग ती न्यू ऑर्लिन्सला गेली. तिथल्या क्लबांत, छोट्या-मोठ्या बँडमध्ये मिळेल ते काम केलं. नॅन्सी विल्सनसारख्या मोठ्या गायिकेला साथ केली.

साथ करणं म्हणजे काय, हे आपल्याला भजनी मंडळामुळे कळतं. गाणाऱ्याच्या पुढे पळायचं नाही, मागेही राहायचं नाही. कान सतत उघडा ठेवायचा. एमिली आधी ते शिकली. तिथे तिला हर्ब एलिस नावाच्या नामवंत गिटारवादकानं ऐकलं. त्यानं १९७८ मध्ये तिला कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड जॅझ महोत्सवात नेलं आणि लोकांपुढे उभं केलं. ती तेव्हा विशीची होती. मोठ्या माणसानं हात धरून एकदा पुढे बसवलं की काय होतं, हे आपल्यातल्या पहिल्यांदा बँकेत जाऊन मॅनेजरशी बोललेल्या बायकांना विचारा.

आता तिची कमाई कशी होती, ते ऐका. काकूंचा प्रश्न तोच होता. गिटार काय देणार?

पहिली वाट वाजवण्याची. १९८१ मध्ये ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा, या नावाची तिची पहिली रेकॉर्ड निघाली. वय तेवीस. तिच्याबरोबर पियानोवर होते हँक जोन्स, साठी ओलांडलेले, अवघ्या जॅझ जगात मान असलेले. त्यानंतर ‘टेक टू’, ‘ट्रान्झिशन्स’, ‘कॅटवॉक’ अशा रेकॉर्ड निघत गेल्या. ती गावोगाव, देशोदेशी कार्यक्रम करायची. पण वाजवण्याचं काम म्हणजे रोजंदारीसारखं. कार्यक्रम झाला तर पैसे. हात दुखावला, आजारी पडलं, की त्या दिवसाची कमाई गेली.

दुसरी वाट स्वतःची धून बांधण्याची. पहिल्या रेकॉर्डमध्ये बहुतेक धुना दुसऱ्यांच्या होत्या, थोड्याच तिच्या. पण १९८५ च्या ‘कॅटवॉक’मधल्या सगळ्या धुना तिनं स्वतः बांधलेल्या. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. आधी आपण दुसऱ्याच्या कागदी कटिंगवरून ब्लाउज बेततो. हात बसला की एक दिवस आपलं स्वतःचं कटिंग तयार होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, मला तुमच्यासारखं हवं. धून बांधणाऱ्याला त्या धुनेचं मानधन मिळतं. दुसऱ्या कुणी ती रेकॉर्ड केली, तरी मिळतं. त्याला रॉयल्टी म्हणतात. आपण झोपलो तरी झाडाला फळ धरावं, तशी ती कमाई.

तिच्या धुनांची नावंही बघण्यासारखी आहेत. ज्या हर्ब एलिसनं तिचा हात धरला, त्याच्यासाठी तिनं ‘ब्लूज फॉर हर्ब’ बांधली. वेस माँटगोमेरी हा तिचा मनातला गुरू. त्याच्या नावाची ‘पॉकेट वेस’ ही धून, आणि पुढे १९८८ मध्ये ‘ईस्ट टू वेस’ ही अख्खी रेकॉर्ड त्याच्या आठवणीसाठी. हा वेस इंडियानापोलिस शहरात दिवसा कारखान्यात काम करायचा आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचा. घरी सरावाला बसला की आवाजानं शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून तारा छेडायची पट्टी बाजूला ठेवून तो नुसत्या अंगठ्यानं हळू वाजवू लागला. तोच अंगठ्याचा मऊ आवाज पुढे जगात त्याची ओळख झाला. अडचणीतून निघालेली वाट अशी असते. वेस १९६८ मध्ये गेला, तेव्हा एमिली दहा वर्षांची होती, नुकती गिटार धरलेली. तिनं त्याला रेकॉर्डवरूनच गुरू केलं, जसं आमच्या पोरीनं मोबाईलवरून एमिलीला केलं.

तिसरी वाट शिकवण्याची. १९८८ मध्ये पिट्सबर्ग शहरातल्या ड्यूकेन विद्यापीठानं तिला मानानं बोलावलं, तिथे राहून विद्यार्थ्यांबरोबर काम करायला. शिवाय तिनं शिकवण्याच्या दोन व्हिडिओ कॅसेट तयार केल्या. आम्ही मोबाईलवर पाहिली ती त्यातलीच एक.

त्यात ती एक युक्ती सांगते. ती आपण आत्ता करून बघू. चला, हातातलं जरा खाली ठेवा. मनात म्हणा, एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. आता टाळी द्यायची, पण एक वर नाही. फक्त दोन आणि चारवर. एक, टाळी, तीन, टाळी. चुकतंय ना? आमचंही चुकलं. काकूंचं सगळ्यांत आधी बरोबर आलं, त्या वारीत टाळ वाजवतात म्हणून.

ताल मोजायचं यंत्र असतं, मेट्रोनोम म्हणतात त्याला. टक, टक करतं. नवशिके ते प्रत्येक मात्रेवर लावतात. एमिली ते फक्त दोन आणि चारवर लावायला सांगते. एक आणि तीन यंत्र देत नाही, ते तुम्ही स्वतःच्या आत धरायचे. म्हणजे ताल बाहेरून मिळत नाही, अंगात येतो.

आम्हाला हे फार पटलं. आम्ही महिन्यातल्या चार बैठकांपैकी दोनच बैठकांना येऊ शकतो, बावीस गट आहेत आमच्याकडे. उरलेल्या दोन बैठका तुम्ही आमच्याशिवाय घेता. ज्या गटाला आम्ही नसताना बैठक घेता येते, तोच गट चालतो. जो आमच्या येण्याची वाट बघतो, तो आम्ही बदलून गेलो की बंद पडतो.

तर अशा तीन वाटा. वाजवणं, बांधणं, शिकवणं. आपण म्हणतो ना, एकट्या सोयाबीनवर राहू नका, जोडीला दोन शेळ्या आणि परसात भाजी ठेवा. १९८५ मध्ये ‘डाउनबीट’ या जॅझच्या नावाजलेल्या मासिकाच्या कौलात ती वर्षाची गिटारवादक ठरली. आपली आठवण कशी राहावी असं विचारल्यावर तिनं चांगल्या धुना आणि लक्षात राहील असं गिटारवादन, हे आधी सांगितलं. बाई म्हणून केलेलं काम त्यानंतर.

दुसऱ्या बैठकीत पोरीनं इथपर्यंत सांगितलं आणि सगळ्या खूश झाल्या. काकू वही उघडून बसल्या. तेवढ्यात पोरीच्या आईनं सहज विचारलं, ‘‘मग आता कुठं असते गं ती? म्हातारी झाली असेल.’’

पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘नाही आई. ती गेली. बत्तिसाव्या वर्षी.’’

‘‘कशानं?’’

मैत्रिणींनो, एमिली रेमलर ४ मे १९९० रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीला गेली. कार्यक्रमांच्या दौऱ्यावर होती. हृदय बंद पडलं. पण त्यामागे कित्येक वर्षांचं अंमली पदार्थांचं व्यसन होतं, हेरॉईनचं. पोरीनं ते लपवलं नाही. तिला लपवता आलं असतं. कर्ज मंजूर व्हायला दोन मिनिटं राहिली होती.

आईचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, ‘‘मला नको ते कर्ज. नको ती गिटार. पोरगी बारावी होऊ दे, लग्न करून देते. त्या लोकांत हे असंच असतं.’’ पोरगी रडायला लागली. आईही रडायला लागली. आणि खरं सांगतो, आम्हाला काय बोलावं सुचेना. समन्वयक म्हणून आम्हाला कर्जाचं व्याज सांगता येतं, अर्ज भरता येतो. या प्रश्नाचं उत्तर आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून आमच्या एक आक्का बोलल्या. साठीच्या आहेत. बैठकीत बचत देतात, सही करतात आणि गप्प बसतात. त्या म्हणाल्या, ‘‘माझा थोरला दारूनं गेला. चौतिसाव्या वर्षी. आमच्या घरात कुणाला गाणं येत नव्हतं, वाजवणं येत नव्हतं. पेटी नव्हती, गिटार नव्हती. तरी दारू आलीच की. त्याच्या हाताला काही छंद नव्हता. असता तर, असं मला रात्री वाटतं. पोरीच्या हातातलं काढून घेऊ नका.’’

खोलीत कुणी हललं नाही. आक्कांनी हे इतक्या वर्षांत गटात कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं त्या आमच्या शेजारी बसत होत्या.

मग एकेक जण बोलायला लागली. एक ताई म्हणाल्या, मी वीस वर्षं मिश्री लावते, सकाळी मिश्रीशिवाय हात चालत नाही, मुलांपासून लपवते. दुसरी म्हणाली, माझ्या जावेला झोपेच्या गोळ्या लागतात, मेडिकलवाल्याकडून तशाच आणते, डॉक्टरला दाखवत नाही. व्यसन म्हटलं की आपल्याला गुत्त्यावरचा पुरुष दिसतो. बाईचं व्यसन डब्यात असतं, उशीखाली असतं. ते कुणाला दिसत नाही.

आणि आम्हाला आमची एक चूक आठवली. ती इथे सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सदस्य लागोपाठ तीन बैठकांना आल्या नाहीत. नियमाप्रमाणे दर बैठकीला दहा रुपये, असा तीस रुपये दंड लावला. वहीत लिहिला. कारण विचारलं नाही. पुढे कळलं की त्या दिवसाला आठ-आठ वेदनेच्या गोळ्या खात होत्या आणि उठवत नव्हतं त्यांना. तालुक्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले त्यांनी. देवाच्या कृपेनं वाचल्या. आपली पंचसूत्री आहे: नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड, लेखे. आमचे लेखे चोख होते. बाई मात्र हातातून जायला आली होती.

त्या बैठकीत आम्ही पोरीच्या आईला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. जॅझच्या जगात एक काळ असा होता की हेरॉईननं फार माणसं खाल्ली. चार्ली पार्कर नावाचा थोर सॅक्सोफोनवादक १९५५ मध्ये गेला, तोही चौतीसचाच होता. तो नशा करतो म्हणून असं वाजवतो, असं समजून कित्येक तरुण पोरं त्याच्या मागे गेली. पण त्याच जगात सॉनी रॉलिन्स नावाचा सॅक्सोफोनवादक आहे. त्यालाही तेच व्यसन लागलं. त्यानं १९५५ मध्ये सरकारी उपचार केंद्रात जाऊन उपचार घेतले, व्यसन सोडलं, आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं वाजवलं. नशेतून सूर येतात ही गोष्ट खोटी आहे. नशा गेल्यावरच त्याचे थोर सूर आले. वाद्य माणसाला मारत नाही, आजार मारतो. आणि तो आजार असल्यामुळे त्याला उपचार आहे. मेहनत, हुशारी, नाव यांनी तो एकट्यानं बरा होत नाही. एमिलीएवढी मेहनत कुणी केली असेल?

म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो. दारू असो, गोळ्या असोत, दुसरं काही असो, सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट फोन आहे: १४४४६. मन फार खचलं असेल, झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर बोला. तोही फुकट आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे लाज नाही. साखरेच्या आजाराला दवाखान्यात जातो, तसंच हे.

तर कर्जाचं काय झालं? मंजूर झालं. सहा हजार, बारा हप्ते, महिन्याला पाचशे आणि शेकडा एक रुपया व्याज. ठरावाला पहिली सही आक्कांची, दुसरी काकूंची. काकू सही करताना म्हणाल्या, ‘‘दूध देत नाही, पण बाई शिकवते छान.’’ पोरीच्या आईनं अट घातली की बारावी पुरी करायची. पोरीनं केली.

आणि वहीत नवीन रकाना आला, हजेरीच्या शेजारी. त्याला आम्ही नाव दिलंय ‘कशी आहेस’. बैठकीच्या सुरुवातीला दर बाईला विचारायचं. ‘बरी आहे’ म्हणाली तरी एकदा तोंडाकडे बघायचं. एखादी आली नाही, तर दंड लिहायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं. आमच्या बावीस गटांपैकी नऊ गटांनी हे सुरू केलं आहे. मिश्रीवाल्या ताईंनी मिश्री निम्म्यावर आणली आहे. पूर्ण सुटली असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या आता लपवत नाहीत. आणि जावेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून झाल्या.

एमिली जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचं काम थांबलेलं नाही. तिच्या मागे वादक मित्रांनी तिच्या आठवणीत दोन रेकॉर्ड काढल्या. शेरिल बेली नावाच्या गिटारवादक बाईनं २०१० मध्ये तिच्या नावानं एक रेकॉर्ड केली. आणि २०२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, लास व्हेगासमधल्या तिच्या जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्ड नव्यानं निघाली. वाजवणं त्या रात्रीपुरतं असतं. बांधलेलं आणि शिकवलेलं मागे उरतं. आमच्या गावातल्या पोरीला ती अजून शिकवतेच आहे.

पण आमची एक इच्छा आहे, ती बोलून टाकतो. तिचं शिकवणं उरलं याचा आनंद आहेच. त्यापेक्षा ती स्वतः उरली असती, आज सत्तरीकडे झुकलेली, चष्मा लावून शिकवणारी, तर आम्हाला जास्त बरं वाटलं असतं. तुमच्या शेजारी बसणाऱ्या बाईबद्दलही आमचं हेच म्हणणं आहे. तिचं काम, तिची बचत, तिच्या हातची चव, सगळं चांगलं आहे. ती स्वतः असली पाहिजे.

आपल्या पोरीचे आठ हप्ते फिटले आहेत, एकही चुकलेला नाही. भजनी मंडळात आधी म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, आता एकादशीला तिला बोलावणं येतं. रविवारी ती गल्लीतल्या तीन मुलांना शिकवते, महिना दोनशे रुपये घेते. म्हणजे हप्ता तिचा तीच भरते. दोन वाटा झाल्या, वाजवणं आणि शिकवणं. तिसरीही सुरू झाली आहे. तिनं स्वतः एक छोटी धून बांधली आहे. तिला जात्याच्या ओवीची चाल आहे आणि ताल दोन आणि चारवर आहे. नाव ठेवलंय ‘आक्का’.

ती धून आता तुम्हाला ऐकवतो. आक्का इथे आमच्या शेजारीच बसल्या आहेत, पहिल्यांदा रेडिओच्या खोलीत आल्या आहेत. टाळी द्यायची असेल तर द्या. एक वर नाही, दोनवर. चुकली तरी चालेल.

आणि कार्यक्रम संपल्यावर एक काम करा. जी बाई दोन बैठका आली नसेल, तिच्या दारात जा. दंडाचं बोलू नका. कशी आहेस, एवढंच विचारा आणि थोडा वेळ बसा.

येतो आम्ही. नमस्कार.